सोमवारची ओळ

कल्याणराव मोजल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत, असं बोरखेडीत म्हणत. हे खरं नव्हतं, पण अगदीच खोटंही नव्हतं. जिनिंगच्या फाटकापासून विहिरीपर्यंत एकशे बारा पावलं, चिंचेपासून प्रेसच्या दारापर्यंत चौसष्ट, हे त्यांना तोंडपाठ होतं. सरकीचा ढीग काल किती होता आणि आज किती, हे ते भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा बघून सांगत. परभणीला उर्दू शाळेत सात इयत्ता शिकून आलेला हा माणूस व्यंकटरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मालाची नोंद ठेवायचा. किती कापूस आला, किती गाठी बांधल्या, किती बाहेर गेल्या, एवढंच त्यांचं काम. पण ते काम त्यांनी असं केलं होतं की, एखाद्या गोष्टीवरून गावात वाद पेटला की लोक म्हणत, "जाऊ द्या, कल्याणरावाच्या रोजनाम्यात काय हाय ते बघा."

बोरखेडीपासून चुडाव्याचं स्टेशन सात कोस. बांधलेल्या गाठी तिथं नेऊन आगगाडीच्या मालडब्यांत भरायच्या, हा हंगामातला रोजचा रगाडा. नेण्याचं काम पालमच्या मन्मथअप्पांकडे होतं. दिवाळी झाली की अप्पा वीस बैलगाड्यांचा तळ घेऊन बोरखेडीच्या माळावर यायचे ते चैत्रापर्यंत मुक्काम. काही गाड्या त्यांच्या घरच्या, बाकीच्या आश्रुबासारख्या स्वतःची जोडी घेऊन येणाऱ्या गडीमाणसांच्या. एका गाडीत चार गाठी. आज दहा गाड्या भरून निघायच्या, दिवस मावळायच्या आत चुडाव्याला पोचायच्या, उद्या रिकाम्या परतायच्या; तोवर दुसऱ्या दहा वाटेला लागलेल्या असायच्या. मन्मथअप्पा कल्याणरावांचे सख्खे मामा. मामाची मुलगी गौराबाई घरात आल्यापासून सासरेही.

निजामी फसली साल तेराशे सत्तेचाळीसच्या हंगामात परभणीहून आबासाहेब नावाचे एक गृहस्थ आले. दोन लॉऱ्या, दोन ड्रायव्हर, आणि तोंडात साखर. "व्यंकटराव, आमची लॉरी दिवसात दोन खेपा करते. एका खेपेला दहा गाठी. हिशेब तुमीच करा."

व्यंकटरावांची अडचण खरी होती. घेणाऱ्या व्यापाऱ्याला माल ठरल्या तारखांना लागायचा. बैठकीत त्यांनी कल्याणरावांना बोलावलं. एका बाजूला मन्मथअप्पा, दुसऱ्या बाजूला आबासाहेब.

"हे बघा," व्यंकटराव म्हणाले, "चार आठवडे गाड्यांनी माल नेलाच हाय. आता तीन आठवडे लॉऱ्या नेतील. दिवसाला कुणाच्या किती गाठी चुडाव्याला पोचतात, ते कल्याणराव काढतील. ज्याचा आकडा मोठा, त्याला उरलेला हंगाम. पुढचं बी मग तसंच."

आबासाहेब हसले. "म्हणजे मापाला जावईच बसवला म्हणा की."

"जावई असला तरी वहीत तो कुणाचा न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "सख्ख्या बापाची गाठ कमी भरली तर कमीच लिहील."

मन्मथअप्पांनी छातीवरच्या इष्टलिंगाच्या करंडकाला हात लावला. वीस गाड्या म्हणजे चाळीस बैल आणि वीस घरांचा चैत्रापर्यंतचा दाणागोटा. तो सगळा आता भाच्याच्या एका ओळीवर येऊन थांबला होता.

तीन आठवडे लॉऱ्या धावल्या. कल्याणराव फाटकात उभे राहून प्रत्येक खेपेला वेळ टाकायचे. लॉरी कुठं थांबली, का थांबली, तेही लिहायचे. एकदा टायर फुटला, एकदा तेल आलं नाही, एकदा एका ड्रायव्हरला ताप आला. लॉरी उभी असली तरी तो दिवस त्यांनी धरला. आबासाहेबांचा माणूस कुरकुरला, "अवो, त्या दिवशी लॉरी चाललीच न्हाई, तो दिवस कशाला धरता?"

"लॉरी चालली नाही, पण दिवस तर उगवला ना?" कल्याणराव म्हणाले. हे उत्तर त्यांना स्वतःला फार आवडलं होतं. संध्याकाळी घरी येऊन गौराबाईलाही त्यांनी ते ऐकवलं.

मग आकडे मांडले. लॉऱ्यांनी एकवीस दिवसांत सातशे पस्तीस गाठी नेल्या, म्हणजे दिवसाला पस्तीस. गाड्यांनी त्याआधीच्या चार आठवड्यांत नऊशे बारा नेल्या होत्या. रोजनाम्यात गाड्यांच्या चोवीस ओळी. दिवसाला अडतीस.

"तोंडी सांगतो," ते व्यंकटरावांना म्हणाले, "गाड्या अडतीस, लॉरी पस्तीस. चुडाव्याच्या नोंदीशी ताळा घेतला की लेखी देतो."

तोंडी आकडासुद्धा माळावर पोचायला वेळ लागला नाही. आश्रुबाने आपल्या बैलांच्या शिंगांना नवे लाल गोंडे बांधले. मन्मथअप्पांनी लेकीकडे गुळाची ढेप पाठवली आणि निरोप दिला, "कल्याणाला म्हणावं, मामाचं नाव राखलंस."

ताळा घ्यायला कल्याणराव चुडाव्याला गेले. स्टेशनातल्या मालाची नोंद किशनराव ठेवायचे. हा माणूस बसल्याजागी पान लावायचा आणि येईल त्याची टर उडवायचा.

"या, मुनीमजी. बघा माझं अंगण. तुमच्या गाठींचं गावच वसायलंय हितं. पाटील कुणाला नेमायचं तेवढं सांगा."

अंगणात खरंच गाठी रचलेल्या होत्या. कल्याणरावांनी तिकडे एक नजर टाकली आणि वही उघडली. त्यांचं लक्ष आकड्यांत होतं. दोघे ओळीला ओळ लावत चालले. रविवार, गाठी चाळीस, जुळलं. मग किशनरावांनी वाचलं, "सोमवार, सिफर."

"सोमवार कसला?" कल्याणराव म्हणाले. "माझ्याकडे ती ओळ नाही."

"नसेल तुमच्याकडं. माझ्याकडं हाय. त्या दिवशी बोरखेडीची एक गाठ आली न्हाई. सिफर."

"अहो, सोमवार आहे तो. सोमवारी बैल जुंपत नाहीत."

"ते महादेवाला सांगा. माझ्या वहीला सगळे वार सारखे." किशनरावांनी पानाची पिंक टाकली. "आठवड्याला सातच ओळी असतात की वो, मुनीमजी. तुमच्या आठवड्याला सहा हायेत व्हय?"

कल्याणराव हसायला गेले, आणि हसू तोंडातच राहिलं.

सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. जेवताना उजवा हात वापरायचा, हे तरी कुठं कुणी शिकवतं? मामाच्या तळावर सोमवारी बैल धुवायचे, गाड्यांची आख वंगणायची, आणि चुडाव्याला अडकलेल्या गाड्या तिथंच लिंबाखाली थांबायच्या. आश्रुबा काही त्यांच्या लिंगायत पंथाचा नव्हता, पण तोही म्हणायचा, "बैल महादेवाचा, मग वार बी त्याचाच." व्यंकटरावांच्या शेतातही सोमवारी औत धरत नसत. त्यामुळे अडतीस हा आकडा ऐकून कुणाच्याही कपाळावर आठी पडली नव्हती. रोजनाम्यात रेघा आखताना कल्याणराव रविवारनंतर सरळ मंगळवार लिहीत आले होते. वर्षानुवर्षं. मोजलेली गोष्ट गाळणं वेगळं. हा दिवस त्यांना कधी मोजण्याजोगा दिसलाच नव्हता.

चार सोमवार. नऊशे बाराला अठ्ठावीसने भागलं. बत्तीस आणि वर अर्धं.

लॉरी उभी होती तो दिवस धरला; बैल उभे होते तो गाळला. 'दिवस तर उगवला ना?' हे आपलंच वाक्य सात कोसांच्या परतीच्या वाटेवर त्यांच्या कानाशी गुणगुणत राहिलं.

सकाळी पूजा उरकून ते ओसरीवर बसले होते. गौराबाईने भाकरी वाढली, आणि त्यांचा हात चालत नाही हे पाहून समोर बसली. त्यांनी सगळं सांगितलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. चुकलंय."

"कुणाला कळलंय?"

"किशनरावाला. आणि त्याला त्याचं काही पडलेलं नाही. तो चेष्टा करून विसरला."

गौराबाईने गुळाच्या ढेपेकडे पाहिलं. "गूळ निम्मा संपलाय," ती म्हणाली. "परत तरी कसा द्यायचा आता?"

"मी तुला विचारतोय, तू गुळाचं काय सांगतेस?"

"विचारायलाव कुठं? सांगायलाव." तिने पदर सारखा केला. "अप्पा बोलायचे न्हाईत तुमच्याशी. मला बी माहेरी जाताना मान खाली घालून जावं लागंल. पण आकडा तुमी बदलणारच, ते मला काल तुमी चपला काढल्या तवाच कळलं. जेवा आधी. उपाशी पोटी खरं बोललं की लय कडू बोललं जातंय."

बैठकीत त्यांनी लेखी कागद व्यंकटरावांपुढे ठेवला. गाड्या बत्तीस, लॉरी पस्तीस. का, ते खाली चार ओळींत लिहिलं होतं. मन्मथअप्पांना वाचता येत होतं, पण त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"सोमवार धरला तू?" एवढंच त्यांनी विचारलं.

"धरायला हवा, मामा. लॉरीचे खोळंबलेले दिवस धरलेत."

"लॉरी खोळंबली. बैल खोळंबले न्हवते. बैल थांबले व्हते. ह्यात फरक हाय का न्हाई?"

फरक होता. पण तो आकड्यात कुठं लिहायचा, हे कल्याणरावांना सुचेना.

व्यंकटरावांनी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. "अप्पा, हंगामापुरतं सोमवारी बी जुंपा. मग तुमचाच आकडा वर जातो, आन्‌ वाद बी मिटतो."

मन्मथअप्पा उठले. "व्यंकटराव, आजवर तुमच्या गाठी नेल्या. आज पहिल्यांदा वाटायलंय की तुमी माझ्याकडनं बैल भाड्यानं घेतले व्हते, मला न्हाई." दारात थांबून ते भाच्याकडे वळले. "तू बरोबर लिहिलंस. पण माझ्या दारी येऊ नको."

आठ दिवसांत माळ मोकळा झाला. अप्पा पालमला गेले. ज्यांना दुसरं काम मिळालं ते गेले, ज्यांना मिळालं नाही ते घरी बसले. आश्रुबाने वाट बघितली, मग परभणीच्या बाजारात बैलजोडी विकली. बाजाराला जोडी नेताना तो जिनिंगवरून गेला. गोंडे अजून शिंगांना तसेच होते. कल्याणराव फाटकात उभे होते. आश्रुबाने रामराम केला, जरा जास्तच वाकून, आणि पुढे गेला.

लॉऱ्या धावत राहिल्या. आकडा पस्तीसच्या खाली आला नाही. कल्याणराव आता साती वारांच्या ओळी आखत, आणि सोमवारच्या ओळीपाशी त्यांची लेखणी दर आठवड्याला जराशी अडे.

शिमग्याच्या तोंडावर आभाळ आलं. गारा पडल्या नाहीत, पण दोन दिवस अवकाळी पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी किशनरावांचा निरोप आला: गाठी भिजल्या, कुणाला तरी पाठवा.

कल्याणराव गेले. स्टेशनाच्या उघड्या अंगणात गाठींची रांग रुळांच्या कडेने थेट सिग्नलपर्यंत गेली होती. कापसाला कुबट वास सुटला होता. त्यांनी हातातली छत्री मिटली आणि मोजायला सुरुवात केली. तीनशे बत्तीस.

"एवढ्या इथं का?" त्यांनी विचारलं.

"मग कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर?" किशनराव आज चेष्टेत नव्हते. "आठवड्याला दोनदा, बुधवारी आन्‌ शनिवारी, दोन-दोन मालडबे मिळतात मला. एका डब्यात पंचावन्न गाठी. करा हिशेब. मी तुम्हाला तवाच म्हणलं व्हतं, गाव वसायलंय. तुमी सोमवारची ओळ धरून बसलात."

कल्याणराव तिथल्याच एका कोरड्या फळीवर बसले. चार डबे, पंचावन्न गाठी, दोनशे वीस. आठवड्याला आगगाडी उचलत होती त्या दोनशे वीस. लॉऱ्या आणत होत्या दोनशे पंचेचाळीस. दर आठवड्याला पंचवीस गाठी उघड्यावर. आणि गाड्या सोमवार पाळून आणत होत्या दोनशे अठ्ठावीस. म्हणजे आगगाडी नेऊ शकत होती त्यापेक्षा गाड्यांनीसुद्धा आठ जास्तच आणल्या होत्या.

बत्तीस काय नि पस्तीस काय, डब्यात दिवसाला एकतीसच जात होत्या. सोमवार कुणाच्याही आड आला नव्हता.

त्यांनी परत भागाकार केला. नंतर आणखी एकदा. या वेळी चूक सापडावी असं त्यांना फार वाटत होतं. ती सापडली नाही.

व्यंकटरावांनी भिजलेल्या गाठींचं ऐकलं तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही, आणि कल्याणरावांना तेच जास्त लागलं.

"म्हणजे अप्पांना घालवायचं कारणच न्हवतं?"

"नव्हतं, मालक."

"मग तुमी तवा का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत, चुडाव्याला किती पोचतात. मी पोचलेल्या मोजल्या. पोचून थांबलेल्या मोजल्या नाहीत." मग त्यांनी डोळे वर केले. "पण विचारलं तेवढंच मोजायचं, तर त्याला माणूस कशाला हवा? गाठी माझ्या डोळ्यांसमोर रचलेल्या होत्या. मी बघितल्या, आणि वहीत मान घातली."

व्यंकटरावांनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. "पुढच्या हंगामाला अप्पांना बोलवा," ते म्हणाले. "तुमीच जा."

दारी येऊ नको असं सांगितलेल्या दारी कल्याणराव गेले. पालमला मन्मथअप्पा ओट्यावर बसून दावं वळत होते. कल्याणरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दोनशे वीस आणि दोनशे अठ्ठावीससकट. आतून सासूबाई चन्नबसम्मा ऐकत होत्या.

"म्हणजे आता तुझी वही म्हणती म्हणून मी यायचं?" अप्पा म्हणाले.

"वही म्हणते म्हणून तुम्ही गेलात, मामा. म्हणून तिनंच परत बोलवायला हवं. मी नुसता तिच्याबरोबर आलोय."

"बोलणं बघा ह्याचं," चन्नबसम्मा आतून म्हणाल्या. "दारात उभं करून बोलायलाव, तर तो बी दारातल्यासारखंच बोलणार. आत घ्या आधी. पोरीचा कुंकवाचा धनी हाय."

अप्पांनी दाव्याची गाठ मारली, ओढून बघितली, आणि बाजूला सरकून ओट्यावर जागा केली.

दिवाळीनंतर माळावर पुन्हा तळ पडला, पण वीसचा नाही. तेरा गाड्या आल्या. सात जोड्या विकल्या गेल्या होत्या, आणि विकलेला बैल काही हिशेब दुरुस्त झाला म्हणून परत येत नाही. तेरा गाड्यांना झेपेना तेवढा माल एका लॉरीला दिला. सोमवारी लॉरी जायची, बैल धुतले जायचे. डबे भरायच्या दिवसांशी खेपांचा मेळ कल्याणरावांनी असा घातला की डबे भरून गेल्यावर अंगणात कधी विसाच्या वर गाठी राहिल्या नाहीत. आबासाहेब कुरकुरले, पण लॉरी खड्ड्यांतून दोनदा पळवावी लागत नाही, टायर टिकतात, हे त्यांच्याही ध्यानात आलं.

आश्रुबा चुडाव्यालाच सापडला. स्टेशनात हमाली करत होता. कल्याणराव त्याच्याजवळ गेले तेव्हा तो गाठीला लोखंडी आकडा लावून ओढत होता.

"आश्रुबा, माझं चुकलं," ते म्हणाले.

आश्रुबाने कपाळाचा घाम पुसला. "दोनदा चुकलं म्हणं तुमचं. पैल्यांदा चुकलं तवा माझ्या बाजूनं चुकलं व्हतं. ते तसंच ऱ्हाऊ दिलं असतं तर?"

"तर आकडा खोटा राहिला असता."

"आन्‌ बैल ऱ्हायले असते." हे त्याने रागाने म्हटलं नाही. बाजारात जशी किंमत सांगावी, तसं सांगितलं.

कल्याणरावांनी अंगणातल्या गाठींकडे हात केला. ते म्हणाले, "मला इथं एक माणूस हवाय. दिवस मावळताना अंगणात किती गाठी उरल्या, ते रोज कळवायला. किशनरावाची वही आलेलं लिहिते, गेलेलं लिहिते. उरलेलं कुणीच लिहीत नाही. व्यंकटरावांनी कबूल केलंय."

"मला कुठं लिवता येतंय?"

"लिहायला मी आहे. तू मोज."

आश्रुबाने मोजलं. उरलेल्या गाठीमागे एक चिंचोका मातीच्या लोटक्यात टाकायचा, तोंडाला फडकं बांधायचं, आणि परतणाऱ्या गाड्यांबरोबर ते बोरखेडीला पाठवायचं. कल्याणराव चिंचोके मोजून रोजनाम्यात नवा रकाना भरायचे: उरल्या गाठी. पुढे कित्येक वर्षं, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तेल मिळेनासं झालं आणि लॉरी छपराखाली उभी राहिली तेव्हाही, तो रकाना चालू होता.

सोमवारचं लोटकं मंगळवारच्या गाड्यांबरोबर यायचं. पहिल्या आठवड्यात ते आलं तेव्हा कल्याणरावांनी फडकं सोडलं. आत छत्तीस चिंचोके होते, आणि तळाशी एक विटलेला लाल गोंडा.

त्यांनी गोंडा बाजूला काढला, सोमवारच्या ओळीत छत्तीस लिहिले, आणि मग तो वहीच्या त्याच पानात ठेवून वही मिटली.